डबलरोटीचे डोहाळे

"आज काय खावं वाटायलंय?"

त्या हिवाळ्यात रोज सकाळी हा प्रश्न यायचा आणि रोज मला तो नको व्हायचा. विचारणाऱ्या माझ्या सासूबाई. आम्ही औरादकडचे लोक सासूला आत्याबाई म्हणतो. चहा उतरवून, ओले हात पदराला पुसत त्या माझ्या खाटेपाशी यायच्या. बसायच्या नाहीत, उभ्यानंच विचारायच्या. मी म्हणायची, "काहीच न्हाई हो." मग त्या वैतागायच्या. "काहीच न्हाई म्हणजे? पोटुशी बाईला काहीच खावं वाटंना, असं कुठं असतंय का? सांग की माय, लाजायलीस कामून?"

लाजत नव्हते मी. भीत होते.

मला चौथा महिना लागला होता. याआधी दोन वेळा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा चौथ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. कारण कुणालाच कळलं नव्हतं, डॉक्टरांनाही नाही. आता ही तिसरी खेप. आणि पोटात अन्न म्हणून टिकत नव्हतं. ज्वारीची भाकरी तव्यावर पडली की त्या वासानं मी मोरीकडं पळायची. वरण नको, दूध नको, केळं बघितलं तरी घसा आवळून यायचा. मी शाळेत शिकवते, पण डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं म्हणून रजा टाकली होती. बीदरच्या ज्या बाई डॉक्टरांकडं आम्ही जायचो, त्यांनी मागच्या तपासणीला वजनकाट्याकडं बघून तोंड वाकडं केलं. म्हणाल्या, "वजन वाढायचं सोडून उतरतंय. पुढच्या वेळी असंच दिसलं तर मी ॲडमिट करून घेणार. तुम्हीच उपाशी, तर ते पोटातलं कुणाकडून घेणार?" त्यांचं बोलणं नेहमीच असं सरळसोट. त्यांच्यासमोर मला राग आला आणि गाडीत बसल्यावर रडू.

आता गंमत बघा. मला काय खावंसं वाटत होतं ते मला अगदी पक्कं ठाऊक होतं. झोपेतून उठले की पहिल्यांदा तेच डोळ्यांपुढं यायचं.

कलबुर्गीला बी.एड.ला होते तेव्हा खोलीतली मैत्रीण रविवारी सकाळी गोड टोस्ट करायची. विजेच्या शेगडीवर छोटा तवा. वाटीत अंडं फोडायचं, दूध, साखर, विलायची घालून काट्यानं फेसून घ्यायचं, त्यात डबलरोटीचे काप बुडवायचे आणि तुपावर सोडायचे. कडा लालसर, कुरकुरीत, आत खव्यासारखं मऊ, आणि गरम असतानाच वरून साखर भुरभुरली की ती हळूहळू विरघळायची. डबलरोटी म्हणजे साधा ब्रेड. आमच्याकडं निजामाच्या वेळेपासून तिला डबलरोटीच म्हणतात. नंतर नंतर तर तो टोस्ट मीच करायची, मैत्रीण नुसती पाय पसरून खायची. त्यात मला काही पाप वाटलं नव्हतं आणि आजही वाटत नाही. पण ते हॉस्टेल होतं.

आमचं घर लिंगायत. आत्याबाईंच्या गळ्यात लिंग. पहाटे आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय त्यांच्या तोंडात पाण्याचा थेंब जायचा नाही. घरात अंडं आणायचं नाही. हे, म्हणजे माझे मिस्टर, बसस्टँडजवळच्या गाड्यावर ऑम्लेट खायचे. ते मला माहीत होतं, आत्याबाईंना माहीत होतं, सगळ्या गल्लीला माहीत होतं. पण बाहेर खाऊन, चूळ भरून घरी यायचं आणि त्यावर कुणी अक्षर काढायचं नाही, असा कायदा. पुरुषांसाठी. बाईमाणसानं गाड्यावर जाऊन उभं राहायचा तर प्रश्नच नव्हता, आणि मी तर खाटेवर पडलेली.

नुसतं रागावतील, एवढीच भीती असती तर मी बोलले असते. माझं तोंड काही लहान नाही. पण माझ्या डोक्यात वेगळंच चक्र चालू होतं. डोहाळे पुरवले नाहीत तर पोटातल्याला बाधतं, असं आमच्याकडं मानतात. मी बी.एड. झालेली, मुलांना विज्ञान शिकवणारी. मानत नव्हते म्हणा ना. पण दोन वेळा हात रिकामे झाल्यावर माणूस काय काय मानायला लागतं, ते ज्याचं त्यालाच कळतं. आणि दुसरीकडून, समजा खाल्लं, आणि खाल्ल्यावर काही झालं तर? मग जन्मभर एकच बोलणं: लिंग असलेल्या घरात अंडं शिजवलं, मग दुसरं काय होणार? पाहुणे म्हणतील, गल्ली म्हणेल. लोकांचं सोडा, मीच म्हणेन. रोज सकाळी उठून मीच मला म्हणेन. खाल्लं तरी मरण, नाही खाल्लं तरी मरण, अशी माझी गत झाली होती.

एकदा ह्यांच्या कानात सांगून बघितलं. ह्यांनी आधी आई जवळपास नाही ना म्हणून दाराकडं बघितलं. "हळू बोल की, अव्वा ऐकतीया." मग जरा विचार करून म्हणाले, "गाड्यावर ऑम्लेट मिळतंय. गोड कोण करायलंय तिथं?" मी म्हटलं, "म्हणजे आणणार न्हाई." "आणतो की गं, पण गोड मिळत न्हाई म्हणायलोय." झालं. एवढ्यावर त्यांचं कर्तव्य संपलं आणि ते दुकानाला गेले. मी भिंतीकडं तोंड करून पडले.

शेवटी एका सकाळी आत्याबाईंनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "गोड डबलरोटी."

काय आनंद झाला त्यांना! "आगं बया, मग इतके दिवस सांगायला काय झालतं?" म्हणत त्या स्वयंपाकघराकडं गेल्यासुद्धा. त्यांना वाटलं, मला लग्नात असतो तो 'डबल का मीठा' पाहिजे. तुपात तळलेली डबलरोटी, साखरेचा पाक, वर काजू. अर्धा डबा तूप ओतलं असेल बाईनं. ताट समोर आलं, तुपाचा वास नाकात गेला आणि मी तशीच मोरीवर. आत्याबाई माझी पाठ चोळत म्हणाल्या, "हे न्हाई व्हय? मग कसलं?"

मी म्हटलं, "साधं. दुधात बुडवून तव्यावर भाजायचं." अंड्याचं नाव गिळलं.

दुसऱ्या सकाळी त्यांनी तसं केलं. डबलरोटी दुधात भिजली आणि तव्यावर पडल्याबरोबर तिचा लगदा झाला. मग त्यांनी दुधात बेसन कालवलं. ते पिठल्यासारखं लागलं. मग रवा. मग मैदा. रोज सकाळी पूजा उरकून त्या तव्यापुढं बसायच्या, आणि मी आतून उलथन्याचा आवाज ऐकत पडायची. खरवडल्याचा आवाज आला की समजायचं, आजही चिकटलं. मी एक घास खायची, दुसरा घास तोंडातच फिरत राहायचा. त्या माझ्या तोंडाकडं बघत असायच्या. माझं गिळणं बघायच्या. मला इतकी चीड यायची, की अहो, तिकडं तरी बघा जरा! आणि चीड आल्याची लाज वाटायची, कारण त्या स्वतः तोवर उपाशी असायच्या. आधी मी खायचं, मग त्यांनी.

"ह्यात कायतरी ऱ्हायलंय," एक दिवस त्या म्हणाल्या. त्यांनी ताटलीतला उरलेला काप स्वतः खाऊन बघितला. "ही काय खायची चीज हाय? मला बी खाववंना. खरं सांग, काय ऱ्हायलंय?"

"काही न्हाई हो. असंच असतंय ते."

"असंच असतंय तर मग तुला जात कामून न्हाई?"

मी ताटली बाजूला सारली. तपासणीची तारीख जवळ आली होती. माझ्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या.

त्या दिवशी आत्याबाई डबलरोटी आणायला स्वतः बेकरीत गेल्या. एरवी हे आणायचे. ह्यांनी शिळी आणली म्हणून बिघडतंय, असं त्यांनी ठरवलं होतं. बेकरी गल्लीच्या टोकाला, दहा पावलांवर म्हणा ना. पण त्या बराच वेळ आल्या नाहीत. आल्या त्या डबलरोटीचा पुडा फळीवर ठेवून सरळ जात्याच्या खोलीत जाऊन बसल्या. दिवसभर माझ्याशी कामापुरतं बोलल्या. पाणी पाहिजे का, ऊन आलं का तोंडावर, एवढंच. बेकरीतल्या चाचांना त्यांनी विचारलं असणार. आणि चाचांनी सांगितलं असणार. म्हणजे आता त्यांना कळलं, की मी काय मागतेय. आणि ते मला आवडतं म्हणजे मी कधीतरी खाल्लंय, हेही कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रश्न आला नाही. "काय खावं वाटायलंय?" कुणी विचारलंच नाही. इतके दिवस ज्या प्रश्नाचा वैताग होता, तो आला नाही म्हणून मी अंथरुणात ताठ झाले. चहा नाही, भांड्यांचा आवाज नाही. मग परसातून धुराचा वास आला. तुराट्या जळत होत्या. तुरीची वाळलेली काटकं जळतात तो वास मला लहानपणापासून ओळखीचा. डॉक्टरांचं सांगणं बाजूला ठेवलं आणि भिंतीला धरत धरत मी मागच्या दारात गेले.

परसात, न्हाणीच्या मागं, तीन दगडांची चूल मांडलेली. तिच्यापुढं आत्याबाई बसलेल्या, डोक्यावरनं पदर, कपाळावर ताजी विभूती. गळ्यातलं लिंग पदराच्या आत, पार पाठीकडं सरकवलेलं. एक जुनं ॲल्युमिनियमचं पातेलं, जे आम्ही भंगारात द्यायला काढलं होतं, आणि एक गंजका तवा. समोर वाटीत दूध. त्या दुधात त्या पळीच्या पाठीनं काहीतरी चेचत होत्या, मान दुसरीकडं फिरवून. मी वाकून बघितलं. उकडलेलं अंडं होतं.

बाईनं अंडी उकडली होती! सोलून, कुस्करून दुधात घालत होती. पिवळ्या बलकाचे गोळे दुधावर तरंगत होते. बरोबरच होतं त्यांचं. जन्मात त्यांनी अंडं बघितलं ते अंगणवाडीत, पोरांच्या ताटलीतलं. अंडं उकडूनच खातात, असा त्यांचा समज.

मला हसू आलं. किती दिवसांनी आलं, आणि आलं ते थांबेना. पोट धरून हसले आणि पोट धरलंय म्हणून घाबरले आणि तरी हसले. आत्याबाई दचकल्या. "हासायलीस कामून? चाचा म्हणला, अम्मा, दूध में अंडा डालो. मी घातलं."

"कच्चं घालतेत हो, आत्याबाई. कच्चं!"

"कच्चं?" त्यांनी तोंड वाकडं केलं. "म्हणजे आतलं ते... चिकट?"

पातेल्याशेजारी कागदात अजून दोन कच्ची अंडी होती. मी पाटावर टेकले, दुसरी वाटी घेतली, अंडं उचललं, वाटीच्या कडेवर टकदिशी आपटलं आणि एका हातानं उघडून आत सोडलं. टरफल बाजूला टाकलं. दुसरं उचललं. तेही तसंच. हॉस्टेलमधली सवय. हाताला काय माहीत, कुणापुढं बसलोय ते!

वर बघितलं तर आत्याबाई माझ्या हाताकडं टक लावून बघत होत्या.

"हात चांगला बसलाय की तुजा," त्या म्हणाल्या. एवढंच. मग चुलीत तुराटी सारली आणि तव्यावर तूप सोडलं. "बुडीव आता. माझ्याच्यानं त्या चिकटाला हात लाववायचा न्हाई. बुडवून तू दे, भाजते मी."

मी काप बुडवून देत होते, त्या उलथत होत्या. तव्यावर तो वास सुटला आणि माझ्या तोंडाला पाणी आलं. पाणी! महिनाभरात अन्नाच्या वासानं मला फक्त उमासे आले होते. पहिला काप मी फुंकर न घालता खाल्ला, जीभ भाजली. दुसरा खाल्ला. तिसरा मागितला. आत्याबाई दुसरीकडं बघायचं विसरून माझ्या तोंडाकडंच बघत होत्या, आणि या वेळी मला चीड आली नाही.

खाऊन झालं आणि लगेच भीती परत आली. माझा चेहरा उतरलेला त्यांनी बघितला असावा. तवा उतरवत त्या म्हणाल्या, "हे बग. हे मी आणलंय, मी भाजलंय, मी चारलंय. उद्या काय कमीजास्त झालं, तर म्हातारीनं चारलं म्हणून सांगायचं. तुजं नाव कुणी घ्यायचं न्हाई. तू बी घ्यायचं न्हाई, कळलं का?"

"आत्याबाई, असं का बोलता?"

"मग कसं बोलू? तुला निस्तं झोपून झोपून ह्येच मनात यायलंय. मला काय कळत न्हाई व्हय?"

मला भडभडून आलं. मी रडत होते आणि त्या उठून न्हाणीत गेल्या. परत आंघोळ. पौषातली थंडी, आमच्याकडं सकाळी हात पाण्यात घालवत नाही, आणि त्यांना दम्याचा त्रास. पण त्या दिवसापासून तपासणीपर्यंत रोज असंच चाललं: आंघोळ, पूजा, परसातली चूल, माझं खाणं, पुन्हा आंघोळ, आणि मग त्यांचा चहा. त्यांना खोकला झाला. मी म्हटलं, राहू द्या आता. म्हणाल्या, "तू गप."

माझ्या पोटात अन्न टिकायला लागलं. टोस्टामागून अर्धी भाकरी जायला लागली. पण भीती गेली म्हणाल तर नाव नको. ओटीपोटात जरा कळ आली की मी अंड्यावर संशय घ्यायची. कंबर दुखली, अंड्यानं. झोपेत दचकले, अंड्यानं. न्हाणीत गेले की आधी कपडे तपासायची, डाग तर नाही ना? माझं बघून आत्याबाई न्हाणीच्या दाराबाहेर उभ्या राहायच्या आणि मी बाहेर आले की नुसत्या भुवया उचलून विचारायच्या. मी मान हलवली की त्या कामाला लागायच्या.

तपासणीला गाडी करून आम्ही तिघं बीदरला गेलो. आधीच्या दोन्ही वेळा आत्याबाई दवाखान्याबाहेर झाडाखाली बसून राहिल्या होत्या, आत आल्या नव्हत्या. या वेळी माझ्यामागोमाग थेट डॉक्टरांच्या खोलीत शिरल्या. ह्यांना त्यांनी बाहेरच औषधांच्या रांगेत उभं केलं.

वजन वाढलं होतं. थोडंच, पण वाढलं होतं. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "छान. काय खायला लागलात?"

दाराला नुसता पडदा होता आणि पडद्याबाहेर बाकावर आमच्या नात्यातली एक बाई येऊन बसलेली मी येताना बघितली होती. मी चटकन म्हटलं, "दूध, फळं, तेच आपलं."

"खोटं कामून बोलायलीस डाक्टरला?" आत्याबाई माझ्या अंगावर खेकसल्या. आवाज असा की पडदा काय, रस्त्यावर ऐकू जावा. "अंडी खातीया ही, डाक्टरीणबाई. रोज अंडी चारायलेय मी हिला. आमच्यात चालत न्हाई, तरी चारायलेय. ते बरं का वाईट, तेवढं सांगा आमाला."

"उत्तम," डॉक्टर म्हणाल्या. "बंद करू नका."

बाहेरच्या बाकाची करकर ऐकू आली. आत्याबाईंनी तिकडं वळूनही बघितलं नाही.

मग डॉक्टरांनी मला टेबलावर झोपवलं, पोटावर गार जेल लावलं आणि ठोके ऐकायचं छोटं यंत्र फिरवायला सुरुवात केली. नुसती खरखर. डावीकडं सरकवलं, खरखर. खाली दाबलं, खरखर. हीच खरखर मी आधी ऐकली होती, या टेबलावर, आणि त्यानंतर डॉक्टर काही न बोलता यंत्र बाजूला ठेवतात हेही मला ठाऊक होतं. मी छताकडं बघत होते. आत्याबाई माझ्या पायांशी उभ्या होत्या, त्यांचा खोकलासुद्धा थांबला होता. डॉक्टर म्हणाल्या, "हलू नका," आणि यंत्र अजून थोडं तिरपं केलं.

आणि आला आवाज. घाईघाईचा, धपधप धपधप, कुणीतरी पळत निघाल्यासारखा.

"हे काय वाजायलंय?" आत्याबाईंनी विचारलं.

"बाळाचं काळीज," डॉक्टर म्हणाल्या.

"इवढ्या घाईनं?"

"एवढ्याच घाईनं पाहिजे."

मी पोट पुसून, साडी नीट करून उतरले, त्यांनी माझा दंड धरला आणि आम्ही बाहेर आलो. बाकापर्यंत काही त्या पोचल्या नाहीत. मधेच भिंतीला पाठ लावून खाली फरशीवर बसल्या. मी घाबरले. "चक्कर आली का? पाणी आणू?"

त्यांनी नको म्हणून हात हलवला. "आत्तापतूर भ्या वाटत नव्हतं गं," त्या म्हणाल्या. "मनात म्हणायची, ह्ये बी काय ऱ्हात न्हाई. तुला निस्तं बरं वाटावं म्हणून करायलते मी. आता ह्या कानानं ऐकलं. आता लई भ्या वाटायलंय."

मी त्यांच्याशेजारी फरशीवर बसले. लोक येत होते, जात होते, कुणी आमच्याकडं बघत होतं. त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. आम्ही दोघीही रडत होतो, तेवढ्यात हे औषधांची पिशवी घेऊन कोपऱ्यावरून आले. आम्हाला खाली बसलेलं बघून जागच्या जागी थांबले. चेहरा पांढराफटक. पुढं यायलाही तयार नाहीत, विचारायलाही नाहीत.

"न्हाई रं, न्हाई," आत्याबाई पदरानं नाक पुसत म्हणाल्या. "सगळं बरं हाय. आमी निस्तं भ्यायलाव."